युद्धाची वीज आणि नदीकाठची काळी जमीन

आज पिकाचं नाही, विजेच्या इतिहासाचं लिहितोय. पण शेवटी विषय जमिनीवरच येतो.

साल १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून त्यात उतरलेली नव्हती. मे महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सांगितलं, वर्षाला ५०,००० विमानं बांधायची ताकद पाहिजे. विमानाला लागतं अ‍ॅल्युमिनियम, आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे विजेचं राक्षसी काम. एक किलो धातू काढायला त्या काळी ढीगभर वीज जायची. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा कारखाना होता टेनेसी राज्यात, आणि त्या खोऱ्याची वीज होती टेनेसी व्हॅली अथॉरिटीकडं, म्हणजे टीव्हीएकडं. १९३३ साली निघालेली ही सरकारी संस्था. पूर आवरणं, नदीत बोटी चालवणं आणि वीज, अशी तिन्ही कामं तिच्याकडं.

मागणी वाढली म्हणून वीज लगेच वाढत नाही. धरणाला वर्षं लागतात. म्हणून मागणी यायच्या आधीच ठरवावं लागतं, आणि तेही सरासरी पावसावर धरून चालत नाही. आपण विहिरीची ताकद मे महिन्यात बघतो, श्रावणात नाही. तसंच तिथं कोरड्या महिन्यात किती वीज खात्रीनं मिळेल हे बघायचे. १९४१ ला त्या भागात दुष्काळ पडला, जलाशय खाली गेले आणि टंचाई उघडी पडली.

उपाय होता वरच्या अंगाला साठवण वाढवायचा. वर अडवलेलं पाणी एकदाच वीज देत नाही. खाली सोडलं की टेनेसी नदीवरच्या प्रत्येक धरणाच्या टर्बाइनमधून तेच पाणी परत जातं. टीव्हीएच्या इंजिनिअरांनी फ्रेंच ब्रॉड नदीवर जागा धरली, डग्लस धरणाची.

अडचण एकच. ती जमीन पूर्व टेनेसीतली उत्तम गाळाची जमीन. तिथला भाजीपाला डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना जायचा. टेनेसीचे सिनेटर केनेथ मॅकेलर आडवे आले. एवढी चांगली जमीन बुडवू नका, दुसरी जागा बघा, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीएचे अध्यक्ष डेव्हिड लिलिएंथल म्हणत, एवढ्या लवकर एवढी वीज दुसरीकडून मिळत नाही. दोघांचंही खोटं नव्हतं. १९४१ च्या शेवटापर्यंत मंजुरी अडकून राहिली.

७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि वाद संपला. २ फेब्रुवारी १९४२ ला काम सुरू. शेजारच्या होल्स्टन नदीवरचं चेरोकी धरण नुकतंच झालं होतं. त्याचेच नकाशे वापरले, तिथलीच यंत्रं आणली, रात्रंदिवस पाळ्या लावल्या. १९ फेब्रुवारी १९४३ ला दरवाजे बंद करून पाणी अडवलं. एक वर्ष आणि सतरा दिवस! त्या सुमारास टीव्हीएची बारा जलविद्युत कामं एकदम चालू होती, २८,००० माणसं कामावर. पुढं ओक रिजला अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करणारे कारखाने उभे राहिले, त्यालाही या खोऱ्याची वीज हे एक मोठं कारण.

आणि शेतकरी? डग्लससाठी सुमारे ३३,००० एकर घेतली, पाचशेच्या वर कुटुंबं उठली. भाव टीव्हीए ठरवणार, त्यात घासाघीस नाही. पटलं नाही तर कोर्ट. खंडानं किंवा वाट्यानं कसणाऱ्याला तर जमिनीचा पैसाच नाही, कारण जमीन त्याच्या नावावर नव्हती. डँड्रिज गावाला मात्र बांध घालून वाचवलं. म्हणजे ठरवलं तर वाचवता येत होतं.

आपल्याला हे नवीन नाही. त्याच्या वीस वर्षं आधी मुंबईच्या विजेसाठी मुळशीत मावळ्यांच्या भातजमिनी गेल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. दुसरा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते, वीज आणि पाटबंधारे त्यांच्याकडं. पूर, पाणी, वीज एकत्र बघायचा टीव्हीएचा नमुना दामोदर खोऱ्यासाठी त्यांनी पुढं नेला. १९४८ ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं.

माझं मत एवढंच. वीज लागते, युद्धात तर लागतेच. इंजिनिअरांचा हिशेब चोख होता. पण त्या हिशेबात कोरड्या महिन्याचं पाणी होतं, टर्बाइन होतं, सिमेंट होतं. कसणाऱ्याच्या पुढच्या पिढीचं रान कुठं, हा रकाना नव्हता. युद्ध १९४५ ला संपलं. जमीन अजून पाण्याखालीच आहे.

तुमच्या गावाची जमीन धरणात गेली असेल, तर कुणाचं शिवार कुठवर होतं हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. सातबाऱ्यावर ते आता सापडायचं नाही.