बारा, छत्तीस आणि अगणित

फिल्मचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल, हा प्रश्न २००३-०४च्या सुमारास आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतून ज्या गांभीर्याने चर्चिला जाई, ते आठवले की आज थोडी गंमत वाटते. सहलीला, बारशाला, लग्नकार्याला उपयोगी पडेल असा एक कॅमेरा, एवढीच माफक अपेक्षा असे. चर्चा मात्र हटकून मेगापिक्सेलपाशी येऊन थांबे. आता मागे वळून पाहताना वाटते की आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. चित्र फिल्मवर उमटते की सेन्सरवर, यापेक्षा दोन वेगळ्याच गोष्टींनी घरगुती छायाचित्रणाचा इतिहास घडवला आहे. बटण दाबल्यानंतरचे काम कोण करणार, ही एक. आणि एका बैठकीत किती फोटो काढण्याची मुभा आहे, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचा निकाल बऱ्याच आधी लागला होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली, तीत काचेवरचा लेप वाळण्याच्या आत फोटो घेऊन तो धुवावा लागे. म्हणजे छायाचित्रकाराने जाईल तिथे अंधारखोली सोबत न्यायची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती या काळात; सवड, साधने आणि ओझी वाहणारी माणसे ज्यांच्यापाशी होती त्यांचाच हा छंद. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने शंभर फोटोंची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विकायला काढला. फिल्म संपली की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरांत फोटो छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला. जाणकारांनी नाके मुरडली, नुसते बटण दाबणे ही काय कला, असे म्हटले गेले. (हीच नाके पुढे डिजिटलच्या वेळीही मुरडली गेली.) पण फोटो काढणारा आणि फोटो धुणारा यांची त्या दिवशी जी ताटातूट झाली, ती कायमची.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची पट्टी आडवी वापरण्याची ऑस्कर बार्नाकची युक्ती १९२५ मध्ये लायका कॅमेऱ्याच्या रूपाने बाजारात आली, आणि छत्तीस हा आकडा पुढे जगभर रूढ झाला. आपल्याकडच्या सामान्य घराला मात्र बराच काळ बाराच्या आकड्याची सवय होती. भारतात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा ठोकळेबाज कॅमेरा एकशेवीसच्या रोलवर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो देई. त्या बारांचे एक अलिखित नीतिशास्त्र होते. वडीलधारी खुर्च्यांवर, मुले पुढे सतरंजीवर, हलू नका अशी ताकीद, आणि मग एकच 'खट'. दुसरा घ्यायचा नाही. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपला नाही तर आंब्याच्या दिवसांपर्यंत कॅमेऱ्यातच राही. त्यामुळे धुऊन आलेल्या एकाच पट्टीवर आरास, भाऊबीज आणि मुंज अशी वर्षाची सलग हकिगत उमटलेली असे.

या आकड्यांचा दरारा किती, याचा पुरावा खुद्द डिजिटल कॅमेऱ्याच्या जन्मकथेत आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. तिच्या आधारे कोडॅकमधील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये सुमारे साडेतीन किलो वजनाचे एक यंत्र जुळवले. चित्र दहा हजार बिंदूंचे, कृष्णधवल. कॅसेटवर ते नोंदायला तेवीस सेकंद लागत. कॅसेटवर चित्रे किती मावतात असे सांगायचे, हे सॅसनने स्वतः ठरवले: तीस. कारण बाजारातले रोल चोवीसचे आणि छत्तीसचे होते. तीस म्हणजे दोहोंच्या मधला, कोणाला न बिचकवणारा आकडा. फिल्मची सत्ता उलथवणारे यंत्र जन्मतःच फिल्मचा हिशेब पाठ करून आले होते!

हा हिशेब मीही पाठ केलेला होता, आणि त्याची किंमत मोजली.

२००४ साली आमच्या घरात तीन मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आला. वडिलांचा विरोध होता, आणि तो अडाणी नव्हता. भर दुपारच्या उन्हातले पांढरे धोतर निगेटिव्ह सांभाळून घेते, कारण जास्त उजेड पडला तरी फिल्म हळूहळू, टप्प्याटप्प्याने हार मानते. सेन्सरचे पात्र मात्र एकदा भरले की भरले, तिथे धोतराच्या चुण्या जाऊन नुसता पांढरा डाग राहतो. हे त्यांनी शेजाऱ्यांच्या फोटोंत पाहिले होते. शिवाय घरात संगणक नाही, तर फोटो ठेवणार कुठे, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. मी रोल आणि धुलाईचा वर्षभराचा खर्च मांडून दाखवला आणि जिंकलो.

कॅमेऱ्यासोबत सोळा मेगाबाइटचे कार्ड होते. पूर्ण आकाराचे फोटो त्यावर जेमतेम डझनभर मावत; पुन्हा तेच बारा. आजीचे सहस्रचंद्रदर्शन होते, माणसे पुष्कळ येणार होती. मी काटकसरीने सर्वांत लहान आकार निवडला, ६४० गुणिले ४८०, आणि शंभरावर फोटो काढले. हात आखडता न घेता फोटो काढता येतात, याचा त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता! त्यातल्या प्रत्येक फोटोची चांगली छपाई करायची तर ती जेमतेम दोन इंच रुंद होते. आजी पुढच्याच वर्षी गेली. भिंतीवर लावायला तिचा मोठा फोटो करून हवा होता; स्टुडिओवाल्याने फाइल पाहिली आणि काही न बोलता पेनड्राइव्ह परत केला.

यावरून फिल्मच खरी, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले आमचे रंगीत फोटो विटून लालसर झाले आहेत, आणि कोकणातल्या आत्याच्या घरची निगेटिव्ह पावसाळी दमटपणाने बुरशीच्या जाळ्यांत हरवली. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत जुन्या सिनेमांची नायट्रेट फिल्म जळून गेली. पदार्थ म्हटला की त्याचा नाश आलाच. त्यातून कारखाने बंद पडले तर चांगली फिल्मही निरुपयोगी. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि पुढच्या वर्षाअखेर ती धुणारी शेवटची प्रयोगशाळाही ते काम सोडून मोकळी झाली. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी याला मिळाला होता. त्या छत्तिसांतले बरेच फोटो त्याने भारतात येऊन काढले.

मात्र मर्यादेचे आकर्षण पूर्ण ओसरलेले नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढला. तो छत्तीसच्या रोलवर अर्ध्या चौकटीचे बहात्तर फोटो घेतो. म्हणजे मर्यादा हवी, पण जरा सैल. असो.

मध्यंतरी क्लिक थ्रीची जुनी निगेटिव्ह स्कॅन केली. साध्या भिंगाचा कॅमेरा, कडांना सगळे धूसर. पण मध्यभाग खणखणीत. १९६८च्या मे महिन्यातली काकाची मुंज. आजी मधोमध, आणि तिच्या मागच्या भिंतीवर दिनदर्शिका, तीवर मार्चचे पान. पडद्यावर मोठे करत गेलो तेव्हा तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसू लागल्या. वडिलांना दाखवले. ते म्हणाले, "दुधाचा हिशेब. मार्चचे पैसे द्यायचे राहिले होते, म्हणून आईने पान उलटले नसणार."