बुणगे, प्यादे आणि प्यून



इतिहासाच्या व्याख्यानासाठी आम्ही संगणकावरील लढायांच्या खेळांचा विषय घेतला, हे ऐकून काही मंडळींना नवल वाटले असे कानावर आले. कामगार संघटनेच्या माणसाने गिरण्यांवर बोलावे, फार तर बोनसच्या कायद्यावर बोलावे, अशी साधारण समजूत असते. ती समजूत मोडण्याची आम्हांस हौस नाही. परंतु नाहूर-भांडुप-मुलुंडच्या ज्या पट्ट्यात आमचे आयुष्य गेले, तेथे २००० सालच्या पुढेमागे इंटरनेट कॅफे निघाले आणि कामगारांची पोरे तासाचे पैसे मोजून तेथे फौजा लढवू लागली. त्यांतली कित्येक आज स्वतः बाप झाली आहेत. फौज म्हणजे काय, ती उभी कशी राहते आणि मोडते कशी, याविषयी या पिढीच्या मनात जे चित्र आहे ते पाठ्यपुस्तकापेक्षा या खेळांनी अधिक काढले आहे. तेव्हा ते चित्र खरे किती आणि खोटे किती, हे तपासणे इतिहासाचेच काम होय.

लढाईचा खेळ आपल्याला नवा नाही. बुद्धिबळ आहेच. शिवाय दिवाळीत चाळीच्या अंगणात दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून, मातीचे मावळे मांडण्याची आपली रीत आहे. त्या किल्ल्याची एक गोष्ट आमच्या मनात भरलेली आहे. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर तोफ, हे तर असतेच. पण पायथ्याशी पोरे विहीर करतात, शेत करतात, गवळण आणि भाजीवाली बसवितात. गडाला खाली गाव लागते, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते.

संगणकावरच्या या खेळांचे बुद्धिबळाशी नाते असले तरी एक मोठा भेद आहे. बुद्धिबळात आम्ही खेळी केली की तुम्ही हनुवटीला हात लावून बसता. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. तुम्ही विचार करीत असता तेव्हाही शत्रू भाले घडवीत असतो. १९९२ साली अमेरिकेत निघालेल्या 'ड्यून २' या खेळाने ही पद्धत रूढ केली. १९९४ साली 'वॉरक्राफ्ट' आला. त्यात एका बाजूस माणसे आणि दुसऱ्या बाजूस ओर्क नावाचे हिरवे राक्षस. पुढे २००० सालापासून 'टोटल वॉर' या मालेने पडद्यावर हजारांनी सैनिक उभे केले, आणि २०१६ साली त्याच मालेत 'वॉरहॅमर' या कल्पित जगातले राक्षस आणि भुतेही पलटणी बांधून आली. राक्षसांच्या लढाईत इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते राक्षसांच्या मागे कोण उभे आहे ते पाहावे.

वॉरक्राफ्टमध्ये डाव सुरू होतो तेव्हा तुमच्यापाशी फौज नसते. असतात ते मूठभर मजूर. त्यांनी खाणीतून सोने काढावे, रानातून लाकूड तोडावे, घरे बांधावी, शेते उभी करावी; जितकी शेते तितकेच सैनिक, त्याहून एक जास्त उभा करता येत नाही. २००२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर याचे गणितच घातले आहे. तिच्या सुधारलेल्या नियमांप्रमाणे फौज शिधेच्या पन्नास मापांपर्यंत असेल तर मजुराच्या दर खेपेस दहा नाणी जमा होतात. पन्नासावर गेली की सात. ऐंशीवर गेली की चार. मजूर तितकेच खणतो, पण फौज वाढली म्हणून खजिन्यात कमी पडते. कोणत्याही राज्याच्या अंदाजपत्रकाचा एवढा सोपा धडा आम्ही दुसरीकडे वाचलेला नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये दोनशे माणसांची मर्यादा नेहमी ठेवतात, आणि मुरलेले खेळाडू त्यातली निम्म्याच्या आसपास माणसे नांगर आणि कुऱ्हाडीवर ठेवतात. नवशिका तेवढा तलवारवाले जमवतो आणि हरतो.

ओर्कांच्या त्या मजुराला खेळात 'प्यून' म्हणतात. आमच्या संघटनेतल्या एका शिपायाने हे ऐकले तेव्हा तो मनापासून हसला. पण शब्द पाहण्याजोगा आहे. लॅटिनमध्ये पायी चालणाऱ्या शिपायासाठी जो शब्द होता त्यातून पोर्तुगीजांमार्फत कचेरीतला प्यून आपल्याकडे आला, आणि बुद्धिबळातल्या प्याद्याचे इंग्रजी नावही तेथूनच निघाले. आपले 'प्यादे' फारसीतून आले. संस्कृतातला 'पदाति' त्याचा दूरचा भाऊ. सर्वांच्या मुळाशी पाय. जो घोड्यावर नाही, तो प्यादा, तोच प्यून.

आता पानिपताकडे येऊ. मराठीत 'बाजारबुणगे' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. लढाई हरली कशी, असे शाळेत विचारले की गुरुजी सांगत, बुणग्यांचा भार फार झाला होता. १७६०च्या मार्चमध्ये परतूरहून निघालेल्या भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसे कितीतरी अधिक होती, हे खरे. त्यात बायकामुले होती, तीर्थयात्रेला निघालेले लोक होते. जड सामान आणि कुटुंबकबिला मागे ठेवावा, असे सूरजमल जाटाने सुचविले होते आणि ते मानले गेले नाही. हा दोष दोषच आहे. तो आम्ही झाकणार नाही.

पण बुणगे या एका शब्दात कोण कोण कोंबले आहे ते पाहा. घोड्यांचे मोतद्दार, नालबंद, घासवाले. पाण्याचे पखालजी, तंबू ठोकणारे फरास, खंदक खणणारे बेलदार, हत्यारे पाजळणारे शिकलगार, लोहार, सुतार, उंटांचे सारवान, धान्य वाहणारे लमाण, वाणी, सराफ. यांतल्या कोणत्या मंडळींना परतूरला ठेवून फौज हजार किलोमीटरच्या पल्याड गेली असती? घोडा रोज दाणा मागतो, तो आणणारा लढत नाही म्हणून फुकटखाऊ ठरत नाही. जो भार होता आणि जो आधार होता, त्या दोघांना एकाच नावाने हिणवणे ही इतिहासाची मोठी अडचण झाली आहे.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. तेथे धान्याचा साठा हाती लागला. इतक्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. मग अडीच महिने दोन फौजा समोरासमोर. या अडीच महिन्यांत पानिपतचा निकाल लागत आला होता असे आम्हांस वाटते. चौदा जानेवारीला तो फक्त जाहीर झाला. अब्दालीची रसद मारण्याचे काम गोविंदपंत बुंदेले करीत होते. ते डिसेंबरात मारले गेले. अब्दालीला रोहिल्यांच्या मुलखातून दाणा येत राहिला, मराठ्यांच्या छावणीचा आटत गेला. रात्रीच्या वेळी वैरण आणि लाकूडफाटा आणण्यास बाहेर पडलेले लोक अफगाण स्वारांनी कापून काढले. ते कोण होते? तेच बुणगे. पानिपतावरची पहिली मोठी कत्तल गवताचा भारा शोधायला गेलेल्या माणसांची झाली, आणि त्यांच्यातल्या एकाचेही नाव कोणत्या बखरीत नाही. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदार-शिपायांनीच भाऊसाहेबांना सांगितले.

आम्ही संपाच्या हिशेबावरून हे बोलतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिल्या दिवशी किती जण बाहेर आले ते वर्तमानपत्रांनी छापले. साठाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याने उधारी बंद केली, गावाकडून तांदळाची गोणी आली की नाही आली, हे कोणी छापीत नसते. संप तेथे मोडतो किंवा टिकतो. वॉरक्राफ्ट खेळणारे पोर शत्रूच्या राजवाड्यावर चालून जाण्याआधी त्याच्या खाणीवरचे मजूर मारते, कारण त्यालाही हे ठाऊक झालेले असते.

येथवर खेळ खरे बोलतो. आता तो कोठे खोटे बोलतो ते सांगतो.

खेळातले झाड कोणाच्या मालकीचे नसते. मजूर कुऱ्हाड चालवितो, लाकूड जमा होते. आज्ञापत्रात, जे १७१५च्या सुमाराचे, आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचा नियम आहे: रयतेचे झाड जीर्ण झाले असले तरी धन्यास राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे, जबरी करू नये. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या लष्करास महाराजांनी लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूड, भाजी बाजारातून विकत घ्या, रयतेस त्रास देऊ नका, असे त्यात बजावले आहे. आणि जळत्या दिव्याची वात उंदीर पळवून नेईल, गंज पेटतील, इथपर्यंत काळजी वाहिली आहे. पावसाळ्यात छावणीचे गवत जळले तर घोडी कशावर जगवावी, हे त्या राजाला कळत होते.

दुसरे खोटे अधिक मोठे आहे. खेळातला शिपाई पगार मागत नाही. २००९ साली टोटल वॉर मालेतला 'एम्पायर' हा खेळ निघाला, त्यात सन १७०० पासून मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते. आमच्या कचेरीत येणाऱ्या एका तरुणाने तो आम्हांस दाखविला. पलटणीचा खर्च दर फेरीला खजिन्यातून कापला जातो. सेनापती पडला की आजूबाजूच्या पलटणींचा धीर सुटतो. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून सैन्यात हाय खाल्ली गेली, ते त्या क्षणी आम्हांस आठवले. खेळ रचणाऱ्यांचा अभ्यास दांडगा आहे. पण थकलेल्या पगारासाठी कोणी सेनापतीच्या दाराशी येऊन बसत नाही.

इतिहासात मात्र ते बसत होते. ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीच्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवली. तिचे सुमारे नऊ लाख रुपये झाले आणि ते फौजेच्या खर्चात गेले. बादशाही छत उचकटावे लागले ते पगारापायी. इब्राहिमखान गारदी याच्या पलटणींना दरमहा रोख पगार द्यावा लागे, आणि त्यासाठी तो भाऊसाहेबांच्या मागे तगादा लावी. त्याबद्दल जुन्या सरदारांत कुरकुर होती. काशिराज पंडिताने लढाई डोळ्यांनी पाहिली होती. तो लिहितो की, त्या दिवशी सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांपुढे आला आणि म्हणाला, माझ्या लोकांच्या पगाराचा आग्रह धरतो म्हणून आपली माझ्यावर फार दिवस इतराजी आहे. या महिन्याचा खजिना लुटला गेला, पगार मिळाला नाही. असो, आज मी माझे काम करतो. त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडविली आणि ते स्वतः बहुतेक तेथेच संपले. पगार मागणारा माणूस कामचुकार असतो, असे आम्हांस कारखान्याच्या दारात पुष्कळ वेळा ऐकविण्यात आले आहे. त्या प्रत्येक वेळी आमच्या डोळ्यांपुढे हा गारदी आलेला आहे.

शिलेदाराचे दुखणे निराळे. बारगीराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला की त्याची रोजी पडली. तो घोडा जपून लढे यात नवल ते काय? आज घरोघर जेवण पोचविणारा मुलगा स्वतःची मोटारसायकल घेऊन कामावर येतो; तोही शिलेदारच म्हणायचा, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नाही.

पुढे १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. पगार थकलेले शिपाई धरणे धरून बसत, याची वर्णने त्यात आहेत. त्या धरण्याचा नियम असा की, धरणे धरणारा उपाशी बसला तर ज्याच्या दाराशी तो बसला त्यानेही जेवू नये. हा नियम आमच्या काळापर्यंत टिकला असता तर कित्येक वाटाघाटी दुपारच्या आत मिटल्या असत्या. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, आमच्या चळवळीचे हे हत्यार कोणी विलायतेहून आणलेले नाही. ते मराठ्यांच्या छावणीतही चालत होते.

वॉरहॅमरच्या खेळात २०१८च्या जानेवारीत थडग्यांतल्या राजांची एक फौज आली. वाळवंटातल्या थडग्यांतून उठलेले हाडांचे सापळे. या फौजेला भरतीचा खर्च नाही आणि पोसण्याचाही नाही. किती पलटणी उठवाव्या याला मात्र मर्यादा आहे. सापळे भिऊन पळत नाहीत, त्यांचा धीर सुटत नाही; जोर ओसरला की जागच्या जागी ढासळतात. आम्ही त्या तरुणास म्हटले, ही तर मालकाच्या स्वप्नातली फौज. तो म्हणाला, होय काका, पण सुरुवातीला फार थोडी मिळते. खेळ रचणाऱ्यांनाही कोठेतरी किंमत वसूल करावीच लागली.

हे रचणारे कोण, हाही प्रश्न आहे. वॉरक्राफ्टच्याच दुनियेवर २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ निघाला. तो आजही चालतो. तो तयार करणाऱ्या पाचशेहून अधिक कामगारांनी जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दळणवळण कामगारांच्या युनियनमध्ये सामील होण्याचे ठरविले. त्यांत चित्रकार होते, अभियंते होते, आणि तोच डाव पुन्हापुन्हा खेळून त्यातले दोष हुडकणारे परीक्षकही होते.