फायबरची होडी आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

मोडक्या वस्तूशी वागण्याचे तीन शब्द मराठीत आहेत : डागडुजी, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार. ह्या तिन्हींत कामाच्या प्रमाणाचा फरक आहे, तसाच वस्तूच्या प्रतिष्ठेचाही. छपराची डागडुजी होते, यंत्राची दुरुस्ती होते. जीर्णोद्धार देवळाचा होतो. होडी ह्या उतरंडीत नेहमी डागडुजीपाशीच थांबली. फायबरच्या होडीला तर तेवढाही मान नाही. फुटली की टाकून द्यायची वस्तू, अशीच तिची ओळख. अशी टाकलेली होडी एखाद्या हौशी माणसाने घेतली आणि पुन्हा पाण्यावर तरती केली, तर त्या उद्योगाला कोणता शब्द लावावा? आमच्या मते हा प्रश्न इतिहासलेखनाचा आहे, आणि सानपाड्यासारख्या गावी तो विशेष अर्थपूर्ण ठरतो.

सानपाडा आज रेल्वेस्थानक, सेक्टर आणि उंच इमारती ह्यांनी ओळखले जाते. त्याआधी ठाणे खाडीच्या काठचा हा सारा परिसर आगरी-कोळ्यांच्या गावांचा होता. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी ह्यांवर तो जगत होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला, १९९२ साली मानखुर्दहून रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली. जमिनी संपादित झाल्या त्यांचे नकाशे झाले, कागद झाले, मोबदल्याचे लढे झाले. पाण्याला मात्र सातबारा नव्हता. २०२१ साली तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणी वाशीच्या मरिआई मच्छीमार सहकारी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा ह्या पिढीजात वहिवाटीला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. ज्या वहिवाटीचा कागद नाही तिची साक्ष वस्तूंनी द्यायची असते. अशा वस्तूंत होडी पहिली.

लाकडी होडीच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. येथून फार दूर नसलेल्या कल्याण-भिवंडीच्या खाडीवर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा आरंभ झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी कोणते लाकूड कसे मिळवावे ह्याचा विचार आहे, आणि रयतेने जोपासलेल्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात न लावण्याची ताकीदही आहे. म्हणजे लाकडी तारवाच्या मागे अरण्य आहे, राजनीती आहे आणि गद्यही आहे. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ ह्या काळात तिचा रीतसर जीर्णोद्धार झाला आणि आज ती तेथे पाहावयास मिळते.

फायबरच्या होडीला अशी वंशावळ नाही असे आपण समजतो. ती आहे, पण ती कारखान्यातून येते. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन ह्यांपासून अमेरिकेत रे ग्रीन ह्यांनी १९४२ साली होडी घडवली. महायुद्धानंतर हे तंत्र जगभर पसरले. भारतात अन्न व कृषी संघटनेचा बंगालच्या उपसागरासाठीचा मत्स्यव्यवसाय कार्यक्रम १९७९ पासून मद्रासहून चालू झाला, आणि पूर्व किनाऱ्यासाठी फायबरच्या होड्यांचे नमुने त्यातून पुढे आले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून अशा होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. आपल्या किनाऱ्यावरही लहान होड्यांत फायबर रुळले, त्याची कारणे उघड आहेत : सागवान महागले, जाणते सुतार कमी झाले, आणि ह्या होडीला लाकडासारखा किडा लागत नाही.

तथापि ती अमर नाही. तिचा बाहेरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, उन्हाने पांढुरका पडतो. त्यातून पाणी हळूहळू आत झिरपते आणि फोड येतात. फोड फोडला तर आंबूस वासाचा द्रव बाहेर येतो. सर्वांत मोठा धोका मात्र जेथे तिच्यात लाकूड आहे तेथेच असतो. इंजिन अडकवण्याच्या मागच्या भिंतीत प्लायवूड दडवलेले असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. बाहेरून होडी धडधाकट दिसते. जाणकार माणूस लहान हातोडीने अंगभर ठोकून पाहतो : जेथे खणखणीत आवाज येतो तेथे थर एकजीव आहेत, जेथे बद्द आवाज येतो तेथे ते सुटले आहेत.

पुढचे काम चिकाटीचे. दुखावलेला भाग घासून कडांना लांब उतार द्यावा लागतो; भोकावर नुसते ठिगळ मारले तर ते निघून येते, कारण जुने पॉलिएस्टर नव्याशी रासायनिक रीतीने फारसे जुळत नाही, खरवडलेल्या पृष्ठभागाला धरूनच नवा थर टिकतो. मग काचेची मॅट, तीवर हार्डनर घातलेले रेझिन, रोलरने हवा काढणे, पुन्हा मॅट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागते, आणि पावसाळ्यातली ओल काम बिघडवते. काचेची धूळ आणि रेझिनचा वास दोन्ही अपायकारक, म्हणून तोंडावर चांगला मास्क हवाच.

येथे लाकूड आणि फायबर ह्यांतला मूलभूत भेद ध्यानी येतो. लाकडी होडीत कुजलेली फळी काढून नवी बसवतात. द्रव्य बदलत जाते, आकार आणि तो घडवणारी विद्या टिकते. फायबरच्या होडीत उलट घडते. मूळ द्रव्य तसेच राहते, त्यावर थर चढत जातात. मात्र आकार साच्यात घडलेला असल्याने तो घडवण्याची विद्या नाखव्यापाशी उरत नाही. हे दोन मार्ग एकत्र आल्याचे उदाहरणही आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’ लाकडाच्या पट्ट्या आणि फायबर ह्यांची होती. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून दिलीप दोंदे ह्यांनी तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे २०१० मध्ये ते परतले.

थरांवर थर चढलेली वस्तू साहित्याच्या अभ्यासकाला परकी नाही. पोथीच्या समासात एका लेखकूने केलेली दुरुस्ती आणि तीवर दुसऱ्याने केलेली दुरुस्ती ह्यांतून पाठाचा इतिहास उलगडतो. होडीच्या अंगावरची ठिगळेही तशीच वाचता येतात : हा धक्क्यावर आदळल्याचा घाव, हा नवे इंजिन बसवताना दिलेला आधार, हा रंग मागच्या मालकाचा. हौशी दुरुस्तीकार हे सारे घासून होडी कोरी करतो, तेव्हा तो ती वाचवतो आणि तिचे चरित्र पुसतोही. देवळांचा जीर्णोद्धार करताना आपण हेच अनेकदा केले आहे.

ह्यावर उपाय नवा नाही. महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने प्रारंभी विद्यापीठांनी जमवली नाहीत. ती राजवाड्यांसारख्यांनी घरोघर हिंडून, पदरमोड करून जमवली, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यांचा मोठेपणा कागद मिळवण्यात होता, तसाच तो कोठे, कोणाकडे, कोणत्या स्थितीत मिळाला हे नोंदवण्यातही होता. होडी दुरुस्त करणाऱ्यानेही घासणी हाती घेण्याआधी वही हाती घ्यावी. प्रत्येक ठिगळाचे छायाचित्र आणि मोजमाप असावे, जुना नोंदणी क्रमांक उतरवून घ्यावा, आणि पूर्वीच्या मालकाला विचारून तिच्या भागांची त्याच्या तोंडची नावे लिहून ठेवावीत. फायबर अनेक दशके कुजणार नाही. ही नावे मात्र एका पिढीत जातील. एवढे जो करील त्याच्या कामाला जीर्णोद्धार म्हणावयास आमची हरकत नाही.