दूरशिक्षणाची वाटचाल आणि मुलांचे मन

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. परंपरा असे सांगते की, ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी तो आपले धाकटे बंधू ज्ञानदेव यांना दिला. आपल्या मकतबातही मूल उस्तादांपुढे बसून सबक म्हणून दाखविते व चुकले की तेथल्या तेथे थांबविले जाते. शिकणारा व शिकविणारा समोरासमोर असावेत, ही समजूत इतकी जुनी आहे. शिक्षण दूरवर पोचविण्याचा संघटित प्रयत्न त्या मानाने अलीकडचा, आणि त्याचे एक मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली अध्यापनास आरंभ केला. दिल्लीस इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघाले व नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. नोकरी करणारे तरुण, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या भगिनी, अशांना या विद्यापीठाने पदवीचे दार उघडून दिले. परंतु पुस्तके टपालाने धाडून ते स्वस्थ बसले नाही. ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे काढली, संपर्कसत्रे ठेवली, संमंत्रक नेमले. घरी अडलेला प्रश्न घेऊन विद्यार्थ्याने कोठे जावे, याची सोय आधी केली. शिवाय तो विद्यार्थी प्रौढ असे व स्वखुशीने आलेला असे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि पहिलीतल्या बालकासही दूरशिक्षणाचा विद्यार्थी व्हावे लागले. शासनाने हातपाय हलविले नाहीत असे नव्हे. दीक्षा अ‍ॅपवर पाठ होते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातल्या व परिसरातल्या वस्तूंतून शिकविणारी ती मालिका मला मनापासून आवडली. परंतु मुलाने काही विचारावयाचे तर दूरचित्रवाणीस कसे विचारावे?

आमच्या त्र्यंबक तालुक्यात पावसाळा म्हणजे काय, हे येथल्या माणसासच ठाऊक. वीज गेली की फोन बंद, आणि डोंगराआडच्या पाड्यावर रेंज नाही. घरात एकच फोन, तो घेऊन वडील कामावर गेलेले. मी रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय पाठवी आणि दोन निळ्या खुणा उमटल्या की मुलाने धडा वाचला, असे समजून हजेरी मांडी. त्या खुणा बहुधा वडिलांच्या होत्या, हे मला फार उशिरा उमगले.

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ प्रभृती अभ्यासकांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब घरांतील सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के आढळली. ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. त्यानंतर एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या मन:स्थितीविषयी विचारले. त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. ऑनलाइन शिकणे अवघड जाते असे ५१ टक्के म्हणाली. मला मात्र तिसरा आकडा अधिक बोचला: २८ टक्के मुले प्रश्न विचारावयास कचरत होती. पालकहो, आपल्या घरातील गप्प मूल त्यात असेल काय, हे ज्याचे त्याने पाहावे. आपण गुण विचारतो. अडले कोठे, हे क्वचितच विचारतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले. मुले उंच झालेली होती, मिशा फुटलेल्या होत्या, पण वर्ग विलक्षण शांत. पहिले काही दिवस एकही हात वर आला नाही. शिक्षकास शांत वर्ग आवडतो म्हणतात; मला त्या शांततेची भीती वाटली. पुढे एके दिवशी तास सुटल्यावर सातवीतला एक मुलगा टेबलाशी घुटमळला आणि त्याने अपूर्णांकांची बेरीज विचारली. ती पाचवीतली.

“हे तर मी पाठवलं होतं की रे,” मी म्हणालो.

“पाहिलं होतं, सर. पण तुम्हाला फोन करायचा म्हणजे अब्बांकडे फोन मागावा लागला असता. त्यांचं काम तेव्हा बंद होतं.”

आम्ही दोघे तेथेच फळ्यापाशी उभे राहिलो. छेद समान करावयास त्याला पाच मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला.