रांग एकच, मग रस्ता कुठला?

माझी मावसबहीण अमेरिकेत डॉक्टर आहे. ग्रीन कार्डसाठी तिच्यापुढे दोन रस्ते आहेत; माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला नेहमीचा एकच, कंपनीमार्फत. तिला हा दुसरा रस्ता का मिळाला, याचं उत्तर इतिहासात आहे.

१९४६पासून भारताचा वर्षाचा कोटा होता जेमतेम १००. १९६५च्या कायद्याने तो गेला आणि आपले डॉक्टर तिकडे जाऊ लागले. १९७६मध्ये अमेरिकी संसदेने ठरवलं, आता डॉक्टर पुरेसे झाले! दार अरुंद झालं, पण खेड्यांतली टंचाई संपली नाही.

म्हणून १९९४मध्ये सवलत आली. जे-१ व्हिसावर शिकलेल्यांना दोन वर्षं मायदेशी जाण्याऐवजी टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करता येऊ लागलं. १९९९मध्ये पुढची पायरी: अशा भागात पाच वर्षं सेवा द्या, ग्रीन कार्डचा अर्ज स्वतः करा. आधीची तीन वर्षं या पाचांत धरतात.

पहिल्या रस्त्यावर, म्हणजे 'पर्म'मध्ये, अर्ज हॉस्पिटलचा असतो. नोकरी बदलली की सहसा नव्या मालकाने सगळं पुन्हा करायचं. दुसऱ्यात मालक बदलता येतो, टंचाईचा भाग सोडता येत नाही.

दोन्ही रस्ते सहसा ईबी-२ मध्येच पोचतात. तिथे दर देशाला साधारण ७ टक्के मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब. म्हणजे निवड वेगाची नाहीच. कुणाला बांधून घ्यायचं, मालकाला की पाच वर्षं गावाला, एवढंच ठरवायचं. मी तिला गाव सुचवलं. गाव निदान नोकरीवरून काढत नाही.