दहा शिलिंगांचा सिंह

'लायन किंग' बहुतेकांनी पाहिला असेल. १९९४ चा, कार्टूनवाला. टिमॉन आणि पुंबा जंगलातून गाणं म्हणत चाललेत, पुंबा एका किड्याच्या मागे भरकटतो आणि मग नाला त्याच्यावर झडप घालायला येते. ते गाणं 'द लायन स्लीप्स टुनाइट'. पडद्यावर काही क्षणच वाजतं. ते या सिनेमासाठी लिहिलेलं नाही, १९६१ मध्ये अमेरिकेत गाजलेलं जुनं पॉप गाणं आहे. आणि तेसुद्धा मूळ नाही. मूळ गाणं १९३९ चं, जोहान्सबर्गचं, झुलू भाषेतलं.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९९२ मध्ये, 'द बॉडीगार्ड' आला. व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' त्यातलंच. तेही जुनंच गाणं, डॉली पार्टनचं, १९७४ चं.

जुनं गाणं नव्या सिनेमात आलं की आपल्याकडे एकच वाद होतो: वाट लावली की नाही? हिंदीतल्या प्रत्येक रिमेकनंतर आठवडाभर हेच चालतं. मी स्वतः त्या वादात हिरिरीने भाग घेतो, पण खरं सांगायचं तर तो वाद चवीचा आहे आणि कधीच मिटणार नाही. मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. पैसे कुणाला मिळाले? या दोन गाण्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून बघितला तर त्या प्रश्नाचं उत्तर फार स्वच्छ दिसतं.

आधी एक तांत्रिक गोष्ट, दोन मिनिटांत उरकतो. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे अमुक गायकाने अमुक दिवशी गायलेली ती विशिष्ट रेकॉर्ड. सिनेमात जुनी रेकॉर्डच वाजवली तर दोन्ही मालकांना विचारावं लागतं. पण गाणं नव्याने गाऊन घेतलं, म्हणजे कव्हर केलं, की जुन्या रेकॉर्डच्या मालकाचा संबंध संपतो. उरतो तो रचनेचा मालक. रचना करणारा आणि रचनेचा मालक ही एकच व्यक्ती असेल असं मात्र अजिबात नाही. सगळी गोम तिथे आहे.

डॉली पार्टनने हे गाणं लिहिलं ते आपल्या गुरूला निरोप देताना. पोर्टर वॅगनर हा तिचा टीव्ही कार्यक्रमातला जोडीदार आणि मार्गदर्शक, त्याच्यापासून वेगळं होताना. १९७४ मध्ये अमेरिकेच्या कंट्री यादीत गाणं पहिलं आलं. मग एल्विस प्रेस्लीला ते गावंसं वाटलं. एल्विस! तिला आकाश ठेंगणं झालं. पण रेकॉर्डिंगच्या आधी एल्विसचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याने निरोप धाडला की एल्विस गाणार असेल तर प्रकाशन हक्कांतला अर्धा वाटा आमचा. ही त्याची नेहमीचीच रीत होती आणि भलेभले गीतकार मुकाट सही करत. डॉली नाही म्हणाली. त्या रात्री आपण रडलो, असं तिनेच नंतर अनेकदा सांगितलंय. भावांनो, तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती आणि समोर एल्विस होता.

अठरा वर्षांनी 'बॉडीगार्ड' बनत होता. त्यात आधी दुसरंच एक जुनं गाणं घ्यायचं ठरलं होतं, 'व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड'. पण ते दुसऱ्या एका सिनेमात येतंय असं कळलं आणि केव्हिन कॉस्टनरने डॉलीचं गाणं सुचवलं. सुरुवातीला साथ नको, नुसता आवाज हवा, हा हट्टही त्याचाच. गाणं अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. रचनेचे हक्क डॉलीकडेच होते, त्यामुळे रचनेची रॉयल्टी तिच्याकडे गेली. त्या पैशांतून नॅशव्हिलमध्ये, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या भागात, आपण एक व्यापारी संकुल विकत घेतलं आणि 'व्हिटनीने बांधलेलं घर' म्हणून त्याकडे बघतो, असं तिने २०२१ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं.

आता सिंहाकडे येऊ.

सॉलोमन लिंडा १९०९ चा, नाताळ प्रांतातल्या खेड्यातला झुलू माणूस. कामासाठी जोहान्सबर्गला आला. 'इव्हनिंग बर्ड्स' नावाचा त्याचा गाणाऱ्या मित्रांचा संच होता. सूट घालून, नीट ठुमकत गाणारे. लिंडा गॅलो या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डी पॅक करण्याचं काम करायचा आणि १९३९ मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्याच्या संचाने 'मबुबे' गायलं. मबुबे म्हणजे सिंह. लहानपणी गुरं राखताना सिंहांना हुसकावल्याच्या आठवणीतून ते आलं, असं सांगतात. खालच्या पट्टीत बाकीचे एकच शब्द घोळवत राहतात आणि लिंडा वर, अगदी उंच आवाजात, मोकळा भटकतो. ध्वनिमुद्रणाच्या तिसऱ्या प्रयत्नात, गाणं संपत आलेलं असताना, त्याने ऐनवेळी एक चाल घेतली. मोजकेच स्वर. तीच चाल पुढे जगभर झाली. बाकी सगळं बदललं, शब्द बदलले, भाषा बदलली, ती चाल राहिली.

दक्षिण आफ्रिकेत रेकॉर्ड तुफान खपली, दहा वर्षांत सुमारे एक लाख. गाण्याची अख्खी शैलीच 'मबुबे' या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो जगाला माहीत झाले ते त्याच परंपरेतून. लिंडाला हक्कांचे म्हणून मिळाले दहा शिलिंग. दहा.

१९४९ च्या सुमारास लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये पीट सीगरच्या हातात दिली. सीगर बँजो घेऊन बसला, ऐकून ऐकून उतरवलं. 'उयिंबुबे' हा झुलू शब्द त्याच्या कानाला 'विमोवे' ऐकू आला आणि तेच गाण्याचं नाव झालं. त्याच्या 'वीव्हर्स' संचाने ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकप्रिय केलं. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून नाव होतं पॉल कॅम्बेल. हा माणूस अस्तित्वातच नव्हता! लोकगीतांवर हक्क सांगण्यासाठी वीव्हर्स आणि त्यांच्या प्रकाशकाने वापरलेलं ते टोपणनाव. सीगर डाव्या विचारांचा, कामगारांसाठी गाणारा, खरोखर सज्जन माणूस. लिंडाचं नाव कळल्यावर त्याने प्रकाशकाला सांगून त्याला १००० डॉलर पाठवायला लावले. त्याच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. पण 'आफ्रिकेतून आलंय म्हणजे लोकगीतच असणार, त्याला कर्ता कुठला' हा समज त्या काळच्या सज्जनांच्याही अंगात भिनलेला होता. रेकॉर्डच्या चकतीवर कर्त्याचं नाव छापलेलं असूनही!

१९६१ मध्ये जॉर्ज वाइस या गीतकाराने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्द लिहिले, 'टोकन्स' या पोरांच्या संचाने ते गायलं, आणि वर्ष संपता संपता गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, सॉलोमन लिंडा मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. सोवेटोतल्या घरात बायको रेजिना आणि मुलं. बँकेत २५ डॉलरसुद्धा नव्हते. थडग्यावर दगड बसवायला कुटुंबाला जवळपास वीस वर्षं लागली. कंपन्यांनी रेजिनाकडून आणि नंतर मुलींकडूनही कागदांवर सह्या घेतल्या, ते वेगळंच.

अशा अवस्थेत १९९४ मध्ये टिमॉन आणि पुंबा ते गाणं गुणगुणतात. मग ब्रॉडवेवरचं नाटक, मग जगभर प्रयोग. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकी पत्रकार रियान मलान याने 'रोलिंग स्टोन' मासिकात सगळा हिशेब मांडला. निव्वळ 'लायन किंग'मधल्या वापराचे दीड कोटी डॉलर झाले असावेत, असा त्याचा अंदाज होता. लिंडाच्या मुली तेव्हाही सोवेटोतच हलाखीत राहत होत्या.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे एक धूळ खात पडलेला कायदा उभा राहतो. ओवेन डीन नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कॉपीराइटच्या वकिलाने सगळे करार तपासले. दहा शिलिंगवाला कागद, विधवेची सही, मुलींच्या सह्या, सगळं कायदेशीर दिसत होतं. मग त्याने ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कॉपीराइट कायदा काढला. त्यात एक कलम होतं, वकील लोक त्याला 'डिकन्स तरतूद' म्हणतात. लेखकाने हयातीत हक्क विकून टाकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत येतात. दक्षिण आफ्रिकेने तो कायदा १९६५ मध्ये बदलला होता, पण जुन्या रचनांना कलम लागू होतंच. लिंडा १९६२ मध्ये गेला. म्हणजे १९८७ पासून, पूर्वीच्या साम्राज्यातल्या देशांपुरते का होईना, हक्क त्याच्या वारसांचे. आणि 'लायन किंग' १९९४ चा.

अमेरिकेत या कलमाचा उपयोग शून्य. म्हणून दावा दक्षिण आफ्रिकेत लावायचा. पण डिस्नी परदेशी कंपनी, तिला इथल्या कोर्टात आणायचं कसं? तर तिची इथली मालमत्ता जप्त करून. इथे डिस्नीची मालमत्ता काय? नोंदवलेले ट्रेडमार्क. २००४ मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टाने मिकी माउस, डोनाल्ड डक अशा दोनशेहून अधिक ट्रेडमार्कवर जप्ती आणली. मिकी माउसवर जप्ती! एका पॅकरच्या मुलींसाठी. डिस्नीने ती उठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या एबिलीन म्युझिकने १९८७ पासूनची रॉयल्टी द्यायचं मान्य केलं आणि सॉलोमन लिंडा सहरचनाकार म्हणून मान्य झाला. रक्कम गुप्त राहिली. मुलींना जे अपेक्षित होतं ते सगळं हाती लागलं का? २०१९ च्या नेटफ्लिक्सच्या माहितीपटात त्यांच्या चेहऱ्यावर समाधान फारसं दिसत नाही.

आता हे सगळं आपल्याला कशाला? एक कारण म्हणजे तो १९११ चा कायदा आपलाही होता. किरकोळ फेरफार करून १९१४ मध्ये तो भारतात आला आणि १९५८ च्या जानेवारीपर्यंत चालला. मग आपला स्वतःचा १९५७ चा कायदा लागू झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला की निर्मात्याने पैसे देऊन चाल करून घेतली, वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता. निर्माता ते हक्क संगीत कंपनीला विकणार. झालं. चाल करणारा बाहेर. २०१२ मध्ये जावेद अख्तर राज्यसभेत असताना कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असं ठरलं. त्यांनी तो द्यायचा तर वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीला. त्या वेळी आरडाओरड झाली की सिनेसृष्टी बुडेल. बुडाली नाही.

पण हल्ली सिनेमांसाठी जी गाणी उकरून काढली जातात ती बहुतेक १९७० ते २००० च्या दरम्यानची, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच्या करारांची. कंपनीला बाहेरच्या कुणाला विचारावंही लागत नाही, गाणं तिच्याच कपाटात असतं. २०२० मध्ये 'मसकली'चं नवं रूप आलं तेव्हा रहमानसारख्या माणसालाही जाहीर नापसंती व्यक्त करण्यापलीकडे काही करता आलं नाही. मग १९८० च्या दशकातल्या, आज कुणाला नावही आठवत नाही अशा गीतकाराच्या बायकोने काय करायचं? डॉलीसारखं 'नाही' म्हणायची सोय तिच्या नवऱ्याला कधी नव्हतीच.

आणि दुसरं कारण जरा अवघड आहे. या गोष्टीत आपण दरवेळी लिंडाच्याच बाजूला असतो असं नाही. २०१७ च्या 'बद्रीनाथ की दुल्हनिया'मध्ये 'तम्मा तम्मा' नव्याने आलं. मूळ गाणं १९९० च्या 'थानेदार'मधलं, बप्पी लाहिरींचं. पण त्याच्याही मागे गिनीचा गायक मोरी कांते आहे, त्याचं १९८७ चं 'तामा'. 'हम'मधलं 'जुम्मा चुम्मा'सुद्धा त्याच विहिरीचं पाणी. मोरी कांते मे २०२० मध्ये कोनाक्रीत वारला. 'तामा' यूट्यूबवर आहे. एकदा ते ऐका आणि लगेच 'थानेदार'मधलं लावा.