नांवाआधीं येणारें घर

केरळांत माणसाच्या नांवाआधीं त्याच्या घराचें नांव लावण्याची जुनी चाल आहे. मनुष्य कोणत्या कुळांतला व कोणत्या थरांतला, हें त्यावरून ऐकणारास तत्काळ उमगतें. परंतु तेथील कथकली कलावंतांची नामावळी चाळली असतां एक चमत्कार दृष्टीस पडतो. कृष्णन् नायर, रामन्कुट्टी नायर, गोपी, हैदरअली या साऱ्यांच्या नांवाआधीं एकच शब्द येतो : कलामंडलम्. आईबापांचें घर सोडून आलेल्या मुलांना एका पाठशाळेनें दिलेलें हें घर होय. तें कसें उभें राहिलें, हा इतिहास उद्बोधक आहे.

नृत्य, अभिनय, गायन व वादन या चौघांच्या संगमानें कथकली सिद्ध होते. पूर्वीं राजे व नंबूद्री जमीनदार यांच्या पदरीं नटांचे संच असत. गरिबाचा मुलगा अशा संचांत शिरला म्हणजे त्याच्या पोटाची सोय होई व विद्याहि मिळे. मात्र दोन्हींस आधार धन्याच्या मर्जीचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा आश्रय आटूं लागला. धन्याचें घर बसलें कीं संच मोडे, आणि संच मोडला कीं शिकणारीं मुलें उघडीं पडत.

ही अवस्था पाहून ज्यांचें मन कळवळलें, ते मलयाळम् भाषेचे कविवर्य वळ्ळत्तोळ नारायण मेनोन (१८७८–१९५८) हे होत. ऐन उमेदींत त्यांची श्रवणशक्ति गेली होती. ज्यांस चेंड वाद्याचा घोष ऐकूं येत नव्हता, त्यांनींच त्या घोषावर नाचणारी कला वांचविण्याचें कंकण बांधावें, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा! मुकुंदराजा यांच्या साह्यानें १९३० सालीं कुन्नमकुलम् येथें कलामंडलाची स्थापना झाली. द्रव्यासाठीं कवींनीं सोडत काढली, दारोदार हिंडले. पुढें भारतप्पुऴा नदीच्या कांठीं चेरुतुरुत्ती या गांवीं संस्थेनें बिऱ्हाड केलें, आणि १९४१ सालीं कोचीन संस्थानानें तिचा भार उचलला. कवींच्या पश्चातहि पाठशाळा चालावयाची, तर एका माणसाची झोळी तिला पुरणारी नव्हती.

कथकलीचें शिक्षण सोपें नाहीं. पावसाळ्यांत पहांटेच्या अंधारांत मुलांनीं अंगास तेल चोळून व्यायाम करावयाचा, नंतर चटईवर पालथें पडावयाचें, आणि गुरूनें आपल्या पावलांनीं त्यांचें अंग रगडून सांधे मोकळे करावयाचे. डोळ्यांत तूप घालून बुबुळें फिरविण्याचा अभ्यास निराळा, चोवीस मूळ मुद्रांचा निराळा. अशीं आठ-दहा वर्षें सहज निघून जातात. म्हणजे मुलाचें सारें बालपणच या विद्येस द्यावें लागतें. खात्यापित्या घरचा बाप असला सौदा करतांना विचारांत पडतो. म्हणून या कलेस बहुतेक साध्या घरच्या मुलांनींच आपला देह दिला आहे.

सर्वच मुलें नाचत नाहींत. कांहीं चुट्टीची विद्या घेतात. नट उताणा निजलेला असतो. त्याच्या उशाशीं बसून शिकाऊ मुलगा तांदळाचें पीठ व चुना कालवून त्याच्या हनुवटीपासून कानापर्यंत शुभ्र कड उभारतो. हरताळ, हिंगूळ व नीळ यांच्या मिश्रणांतून रंग सिद्ध होतात. हिरवा चेहरा धीरोदात्त नायकाचा, हें प्रेक्षक दुरूनच ओळखतो. या कामास प्रहर उलटतो. हलकें लांकूड कोरून मुकुट घडविणें, हीहि एक स्वतंत्र विद्या आहे. चित्रकला व शिल्प यांचेंच शिक्षण हें. फलक तेवढा जिवंत.

१९५७ सालीं कलामंडलांत अकरा वर्षांचा एक मुलगा गायन शिकावयास आला. तो वडक्कांचेरीजवळच्या एका अत्यंत गरीब मुसलमान कुटुंबांतला. कथकलीचीं पदें पुराणांतलीं, आणि तिचे पुष्कळ खेळ देवळांच्या आवारांतले. पाठशाळेनें त्याला दार उघडलें. देवळांनीं मात्र पुष्कळदां उघडलें नाहीं. कलामंडलम् हैदरअली म्हणून कीर्ति झाल्यावरहि कित्येक आवारांत त्यांस प्रवेश नव्हता. हरिपाड येथील एका देवळाच्या चालकांनीं तेव्हां युक्ति काढली. कुंपणाच्या भिंतीचा कांहीं भाग पाडून त्यांनीं रंगमंच बाहेर वाढविला. नट आंत नाचले, गायक बाहेर उभा राहून गायिला. २००६ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला.

त्या पडलेल्या भिंतीची प्रशंसा करावी कीं राहिलेल्या भिंतीची खंत करावी, हें सांगणें कठीण आहे. पाठशाळेच्या स्वतःच्या भिंतीहि एकदम पडल्या नाहींत. कथकलीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळण्यास २०२१ साल उजाडावें लागलें; स्थापनेस तेव्हां नव्वद वर्षें उलटून गेलीं होतीं. तरी एवढें खरें, कीं गरिबाच्या मुलास तेथें भिक्षेची विद्या मिळाली नाहीं. त्याला गुरु मिळाला, धंदा मिळाला, आणि नांवाआधीं लावण्यास एक घर मिळालें. त्या घराच्या नांवावरून कोणाची जात वा धर्म ओळखूं येत नाहीं. शिक्षण तेवढें ओळखूं येतें.